हाती काही लागलं नाही, असं लिहिणारा राजदूत



आमच्या लॅबमध्ये एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी आलेल्या एका मुलीनं परवा मला विचारलं, "ताई, तीन वर्षं काम केलं आणि हाती काहीच लागलं नाही, तर पीएचडीचं काय होतं?" मी तिला धीराचं काहीतरी बोलले. पण खरं सांगायचं तर तो प्रश्न मलाच लागला. तेव्हा माझ्या टेबलावर आरएसीसमोर ठेवायचा प्रगती अहवाल पडला होता आणि त्यातल्या एका प्रयोगाचा निकाल नेमका असाच होता: दोन गटांत फरक आढळला नाही. हे एक वाक्य मी तीन दिवस फिरवून फिरवून लिहीत होते. फरक "दिसू लागला आहे" असं लिहू का? "कल जाणवतो" असं लिहू का?

त्याच दिवसांत मध्य आशियातल्या शेती-बागायतीच्या जुन्या नोंदी शोधताना १९९८ साली छापलेलं एक पुस्तक माझ्या वाचनात आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची तिथली शेती आणि फळबागा, असा विषय. लेखक कोण म्हणून बघितलं, तर एक स्वीडिश राजदूत! पुस्तक निघालं तेव्हा वय नव्वद. आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या इतिहासात हाच माणूस काश्मीर आणि पश्चिम आशिया अशा दोन वादांत मध्यस्थ म्हणून भेटतो. दोन्हीकडे वाद सुटला नाही. मग मी त्या माणसाच्या मागेच लागले. आज त्याची गोष्ट सांगते. तुम्ही नेट-पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहीत असाल, तर ती तुमच्या उपयोगाची आहे असं मला वाटतं.

त्यांचं नाव गुन्नार यारिंग. इंग्रजी स्पेलिंग बघून आपल्याकडे "जारिंग" असंच लिहिलं-बोललं जातं. काश्मीरवरच्या लिखाणात "जारिंग अहवाल" हा शब्द तुम्हाला भेटला असेल, तर तो यांचाच.

आधी पीएचडी, मग वकिलात

यारिंग यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९०७ चा, दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने प्रांतातला. शिक्षण लुंड विद्यापीठात. विषय तुर्की भाषाकुळातल्या भाषा, आणि त्यातही चीनच्या पश्चिम टोकाला, आजच्या शिनजियांगमध्ये बोलली जाणारी पूर्व तुर्की. तिलाच आज आपण उइघूर म्हणतो.

स्वीडनमधल्या मुलाला ही भाषा शिकवायला कोण भेटलं, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असं की काशगर आणि यारकंदच्या परिसरात स्वीडिश मिशनरी १८९० च्या दशकापासून काम करत होते. त्यांचे दवाखाने होते, काशगरला छापखानासुद्धा होता. तिथे वैद्यकीय काम केलेले गुस्ताफ राकेट नावाचे मिशनरी स्वीडनला परतले आणि लुंडमध्ये ही भाषा शिकवू लागले. यारिंग त्यांचे विद्यार्थी. तुमच्या विभागात एखादाच शिक्षक एखाद्या आडबाजूच्या विषयातला असतो आणि तुमचा सगळा मार्ग त्याच्यामुळे ठरतो, तसंच काहीसं.

१९२९ मध्ये, बावीस वर्षांचे असताना, यारिंग काशगरला गेले आणि १९३० पर्यंत तिथे राहिले. आपल्या भाषेत हे त्यांचं फील्डवर्क. लोकांकडून गोष्टी, म्हणी, कोडी, गाणी ऐकायची आणि उच्चारासकट कागदावर उतरवून घ्यायची. याखेरीज तिथे मिळतील ती हस्तलिखितं त्यांनी जमवली. १९३३ मध्ये पूर्व तुर्कीच्या ध्वनिव्यवस्थेवरचा त्यांचा जर्मन भाषेतला प्रबंध प्रसिद्ध झाला आणि ते लुंडमध्येच शिकवू लागले. वय पंचवीस. पुढची वाट सरळ दिसत होती: पुन्हा काशगर, आणखी नोंदी, मग प्राध्यापकी.

दार बंद झालं तेव्हा

पण शिनजियांग पेटलं होतं. १९३१ पासून बंड, लष्करी सत्तांतरं, काशगरमध्ये थोडे महिने टिकलेलं स्वतंत्र प्रजासत्ताक आणि मग सोव्हिएत पाठिंब्यावर उभी राहिलेली राजवट. बाहेरच्या संशोधकाला आत जाणं अशक्य झालं. स्वीडिश मिशनऱ्यांनाही १९३८ पर्यंत तिथून निघावं लागलं.

आपल्यापैकी ज्यांनी वनखात्याच्या परवानगीची वाट बघत एखादा पावसाळा घालवलाय, त्यांना ही अवस्था कळेल. माझाही एक पावसाळा असाच गेला. सड्यावरचं गवत फुलून वाळूनही गेलं आणि कागद हलला नाही.

यारिंग यांनी काय केलं? १९३५ मध्ये ते श्रीनगरला आले. नकाशा डोळ्यांसमोर आणा. यारकंदहून निघालेले व्यापारी काराकोरम खिंड ओलांडून लेहला आणि तिथून श्रीनगरला येत. शतकानुशतकांची वाट ती. म्हणजे यारिंग यांना ज्या भाषेत काम करायचं होतं, ती भाषा बोलणारी माणसं काश्मीरच्या सरायांत सापडत होती. भाषेच्या गावाला जाता येत नव्हतं, तेव्हा गावचे लोक जिथे येतात तिथे जाऊन ते बसले.

ही युक्ती ऐकायला सोपी वाटते, पण तिची किंमत असते. सरायीत भेटणारा माणूस प्रवासी असतो, बहुधा पुरुष असतो, व्यापाराच्या निमित्तानं चार बोलींच्या कानगोष्टी ऐकलेला असतो. त्याची बोली म्हणजे गावात घरी बसलेल्या म्हातारीची बोली नव्हे. आपण याला नमुन्यातला कल म्हणतो. म्हणून कोणता मजकूर कुठल्या गावच्या बोलीतला, ही नोंद अशा कामात फार मोलाची ठरते. यारिंग यांचे खंड नुसते "पूर्व तुर्कीच्या गोष्टी" म्हणून आलेले नाहीत. ते गावांनुसार विभागलेले आहेत: खोतान आणि यारकंद, काशगर, ताशमलिक आणि कुचा, मग गुमा. हे चार खंड १९४६ ते १९५१ या काळात निघाले. तुमच्या नमुन्यावर ठिकाण आणि तारीख लिहायचा कंटाळा येईल, तेव्हा हे चार खंड आठवा.

नोकरी बदलली, वही तीच

१९४० मध्ये युद्ध सुरू असताना यारिंग परराष्ट्र सेवेत गेले. पहिली नेमणूक अंकाराच्या स्वीडिश वकिलातीत. तुर्की भाषाकुळाचा अभ्यासक तुर्कस्तानात पाठवायचा, हा हिशेब कुणालाही पटेल. पुढे तेहरान, बगदाद, आदिस अबाबा. १९४८ मध्ये ते स्वतंत्र भारतात स्वीडनचे प्रतिनिधी म्हणून दिल्लीत आले आणि १९५१ पर्यंत राहिले. त्या वेळी पदाचं नाव राजदूत नव्हे, मिनिस्टर असं होतं. त्यानंतर पाकिस्तान, मग काही वर्षं स्टॉकहोममध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या राजकीय विभागाचे प्रमुख. १९५६ ते १९५८ संयुक्त राष्ट्रसंघात स्वीडनचे प्रतिनिधी, १९५८ ते १९६४ वॉशिंग्टनला राजदूत, १९६४ ते १९७३ मॉस्कोला राजदूत.

शीतयुद्धाच्या काळात वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोन्ही राजधान्या एकाच माणसाला, तीही लागोपाठ! स्वीडन कुठल्याही लष्करी गटात नव्हता. अशा देशाचा राजदूत दोन्हीकडे ऐकला जावा, यासाठी त्याच्यावर कुणाचा शिक्का नसावा लागतो. यारिंग कमी बोलत आणि वार्ताहरांना तर फारच कमी सापडत. हा त्यांचा गुण होता आणि, पुढे दिसेल, कदाचित मर्यादाही.

१९५७: प्रश्न लहान केला

१९५७ च्या जानेवारीत सुरक्षा परिषदेत काश्मीरचा विषय पुन्हा निघाला. कृष्ण मेनन यांचं जवळपास आठ तासांचं गाजलेलं भाषण याच चर्चेतलं. फेब्रुवारीत परिषदेचं अध्यक्षपद स्वीडनकडे, म्हणजे यारिंग यांच्याकडे होतं. एका ठरावाच्या मसुद्यात संयुक्त राष्ट्रसंघाचं सैन्य काश्मीरमध्ये तात्पुरतं नेण्याच्या कल्पनेचा उल्लेख होता. २० फेब्रुवारीला सोव्हिएत संघानं त्यावर नकाराधिकार वापरला. दुसऱ्या दिवशी सौम्य शब्दांतला ठराव क्रमांक १२३ मंजूर झाला: यारिंग यांनी भारत आणि पाकिस्तानला जावं, दोन्ही सरकारांशी बोलावं आणि अहवाल द्यावा.

आता इथे संशोधक म्हणून लक्ष द्या. "काश्मीरचा प्रश्न सोडवा" हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो का? नाही. तो विषय झाला. "पश्चिम घाटातली जैवविविधता" हा जसा विषय असतो आणि गाईड पहिल्याच भेटीत तो परत करतात, तसंच. यारिंग यांनी जुने ठराव उघडले. १३ ऑगस्ट १९४८ च्या ठरावाचे तीन भाग होते: पहिला युद्धबंदीचा, दुसरा सैन्य मागे घेण्यासंबंधीचा, तिसरा लोकमताचा. ही पायरी झाल्याशिवाय पुढची नाही, अशी रचना. भारताचं म्हणणं होतं की पहिल्या भागातल्या अटी पाकिस्ताननं पाळलेल्याच नाहीत, त्यामुळे पुढचं बोलण्यात अर्थ नाही. पाकिस्तानचं म्हणणं, पाळल्या आहेत.

म्हणजे एवढ्या मोठ्या भांडणात एक तपासता येण्याजोगा प्रश्न दडलेला होता: पहिला भाग अमलात आला की नाही? यारिंग यांनी दोन्ही सरकारांना विचारलं की, एवढाच मुद्दा लवादाकडे द्यायला तुम्ही तयार आहात का? पाकिस्ताननं काही खुलासे मागून तत्त्वतः मान्यता दिली. भारतानं नकार दिला. त्याची भूमिका अशी की यात सार्वभौमत्वाचा आणि भारतीय संघराज्याच्या हक्क-कर्तव्यांचा संबंध येतो, हा विषय लवादाचा नाही.

२९ एप्रिल १९५७ च्या अहवालात यारिंग यांनी हे सगळं मांडलं. त्याचा निष्कर्ष असा: तोडग्याकडे नेईल असा कुठलाही ठोस प्रस्ताव मी या घडीला परिषदेसमोर ठेवू शकत नाही. त्याबरोबर त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवलं. एका विशिष्ट परिस्थितीसाठी केलेले आंतरराष्ट्रीय करार वेळेवर अमलात आले नाहीत, तर भोवतालची परिस्थिती बदलत जाते आणि ते अमलात आणणं दिवसेंदिवस अवघड होत जातं. काश्मीरभोवतीचे राजकीय, आर्थिक आणि लष्करी संदर्भ बदलत आहेत, हे त्यांनी त्याच अहवालात लिहिलं.

भारताच्या बाजूनं बघितलं तर हे वाक्य सोयीचं होतं, पाकिस्तानच्या बाजूनं गैरसोयीचं. लवादाचा भाग नेमका उलट. यारिंग यांनी दोन्ही ठेवले. कुणाला खूश करण्यासाठी एक गाळलं नाही. आपल्या थिसिसमध्ये गृहीतकाच्या विरोधात जाणारा तक्ता आपण परिशिष्टात ढकलतो ना? इथे तसं झालेलं नाही.

एका उपपदाची अडचण

दहा वर्षांनी याहून अवघड काम आलं. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलनं सिनाई, गाझा, पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गोलान टेकड्या घेतल्या. २२ नोव्हेंबर १९६७ ला सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक २४२ एकमतानं मंजूर केला आणि महासचिव ऊ थांट यांनी लगेच यारिंग यांना विशेष प्रतिनिधी नेमलं. मॉस्कोचं राजदूतपद होतंच. सायप्रसमध्ये निकोसियाला कार्यालय थाटून ते जेरुसलेम, कैरो, अम्मान, बैरुत अशा फेऱ्या मारू लागले. सीरियानं हा ठराव मानलाच नव्हता, त्यामुळे दमास्कसचं दार बंद.

ठरावातली अडचण भाषेची होती, आणि ती सोडवायला भाषाशास्त्रज्ञ नेमला गेला होता, ही मोठी गंमत आहे. इस्रायली सैन्यानं युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असं ठरावात आहे. कुठल्या प्रदेशांतून? सगळ्या की काही? इंग्रजी मसुद्यात "प्रदेश" या शब्दाआधी निश्चयवाचक उपपद नाही, म्हणून इस्रायल म्हणे, सगळ्याच प्रदेशांतून असा अर्थ होत नाही. फ्रेंच मजकुरात ते उपपद व्याकरणातच आलेलं आहे, म्हणून अरब देश म्हणत, सगळ्याच. तुम्ही हेच वाक्य मराठीत करून बघा: "व्यापलेल्या प्रदेशांतून माघार." आपल्याकडे उपपदच नाही. रशियनमध्येही नाही. आपल्या भाषेत जो फरक करायची सोयच नाही, त्याच्यावर देशांच्या सीमा लोंबकळत होत्या! आणि ही संदिग्धता चुकून राहिलेली नव्हती. सगळ्यांची मतं मिळावीत म्हणून तो मजकूर असा घडवलेला होता. मत मिळालं, पण अंमलबजावणी करणाऱ्याच्या हातात दोन अर्थ आले.

सव्वा वर्ष फेऱ्या झाल्यावर यारिंग यांनी मार्च १९६९ मध्ये काय केलं माहीत आहे? प्रश्नावली काढली. इजिप्त, जॉर्डन, इस्रायल आणि लेबनॉन या सरकारांना लेखी प्रश्न पाठवले: ठरावातली अमुक तरतूद तुम्हाला मान्य आहे का, तमुक शब्दाचा तुम्ही काय अर्थ घेता, सीमा कोणत्या समजता? तोंडी बोलण्यात जे निसटतं, ते कागदावर यावं म्हणून. उत्तरं आली. पण ती बहुतेक आधीच्याच भूमिकांची पुनरुक्ती होती, आणि अहवालात त्यांनी तसंच नोंदवलं. मग ते मॉस्कोला आपल्या कामावर परतले.

८ फेब्रुवारी १९७१

१९७० च्या ऑगस्टमध्ये सुएझवरची चकमक थांबली. सप्टेंबरमध्ये नासर गेले, सादात आले. यारिंग यांचं काम पुन्हा सुरू झालं आणि ८ फेब्रुवारी १९७१ ला त्यांनी इजिप्त आणि इस्रायलला एकसारखं टिपण दिलं. त्याचा आराखडा साधा होता. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांवर अवलंबून असलेलं वचन द्यायचं. इस्रायलनं इजिप्त आणि ब्रिटिश अमलाखालचं पॅलेस्टाइन यांच्यामधल्या जुन्या आंतरराष्ट्रीय सीमेपर्यंत मागे जायचं, सुरक्षेची आणि जहाज वाहतुकीची व्यवस्था धरून. इजिप्तनं इस्रायलशी शांतता करार करायचा.

आधी कोण, हा वाद यात शिल्लकच राहत नव्हता. प्रयोगाची रचना म्हणून बघितलं तर फार नेटकी.

१५ फेब्रुवारीला इजिप्तचं उत्तर आलं. आपल्या काही अटी घालून त्यांनी लिहिलं की इस्रायलनं या जबाबदाऱ्या घेतल्या तर आम्ही इस्रायलशी शांतता करार करायला तयार आहोत. तोवर कुठल्याही अरब सरकारनं असं लेखी म्हटलेलं नव्हतं. २६ फेब्रुवारीला इस्रायलचं उत्तर आलं. इजिप्तच्या तयारीचं स्वागत होतं, पण त्यात एक वाक्य होतं: ५ जून १९६७ च्या आधीच्या रेषांवर इस्रायल परत जाणार नाही. गोल्डा मायर यांच्या सरकारचं असंही म्हणणं होतं की यारिंग यांचं काम निरोप पोचवण्याचं, स्वतःच्या अटी मांडण्याचं नाही. उलट बाजूचे टीकाकार म्हणतात की त्यांनी हे तीन वर्षं आधीच करायला हवं होतं. म्हणजे कमी बोललात तरी बोल आणि बोललात तरी बोल.

काम तिथेच अडकलं. ६ ऑक्टोबर १९७३ ला पुन्हा युद्ध पेटलं. यारिंग यांच्या मध्यस्थीचा तो प्रत्यक्षातला शेवट.

इतिहासाच्या पुस्तकांत इथे "अपयश" असा शब्द येतो आणि प्रकरण संपतं. पण एक गोष्ट बघा. २६ मार्च १९७९ ला इजिप्त आणि इस्रायलनं शांतता करार केला. त्यात कायम सीमा कोणती मानली आहे? इजिप्त आणि पूर्वीचं ब्रिटिश अमलाखालचं पॅलेस्टाइन यांच्यामधली आंतरराष्ट्रीय सीमा. माघारीच्या बदल्यात शांतता करार. आठ वर्षांपूर्वीच्या टिपणाचा गाभा हाच होता. मधे एक युद्ध आणि हजारो माणसांचे जीव गेले.

थांबा, इथे घाई करू नका. याचा अर्थ "यारिंग यांच्यामुळे १९७९ चा करार झाला" असा होत नाही. १९७३ च्या युद्धानं दोघांचा हिशेब बदलला, सादात जेरुसलेमला गेले, अमेरिकेनं कॅम्प डेव्हिडला ताकद लावली. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं म्हणायचं नाही, हे आपण सांख्यिकीच्या पहिल्या तासाला शिकतो. एवढंच म्हणता येईल की १९७१ मध्ये ज्या अटी लिहिल्या गेल्या होत्या त्या चुकीच्या नव्हत्या. त्या मानायची परिस्थिती तेव्हा नव्हती. "हाती काही लागलं नाही" आणि "प्रश्न चुकीचा विचारला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची गल्लत करतो आणि मग रडतो.

दुसरं काम

आता मला सर्वांत आवडलेला भाग. १९६४ मध्ये, म्हणजे वॉशिंग्टनहून मॉस्कोला बदली झाली त्याच वर्षी, यारिंग यांचा पूर्व तुर्की बोलींचा इंग्रजी अर्थांसह शब्दकोश लुंडला प्रसिद्ध झाला. ज्या फील्डवर्कच्या पायावर तो उभा आहे, ते १९२९ ते १९३५ या काळातलं. तीस वर्षं त्या नोंदी त्यांच्याबरोबर होत्या. क्यूबाच्या पेचप्रसंगाच्या दिवसांत वॉशिंग्टनमध्ये राजदूत असलेल्या माणसानं गुमा आणि यारकंदच्या शब्दांचे अर्थ लावलेत!

१९७३ नंतर निवृत्ती. १९७८ मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षांनी, त्यांना पुन्हा काशगरला जायला मिळालं. त्यावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक इंग्रजीतही आलं. १९८२ मध्ये त्यांनी आपला हस्तलिखितांचा संग्रह लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिला. आज त्या संग्रहात सुमारे साडेपाचशे हस्तलिखितं आहेत. मग एकामागून एक संपादित मजकूर येत राहिले: काशगरच्या स्वीडिश छापखान्यातल्या छपाईवर, कपड्यांवर, नशेच्या पदार्थांवर, शेतीवर. १९९७ मध्ये तारिम आणि लोपनोर भागातल्या स्थलनामांचा ग्रंथ. २९ मे २००२ ला ते वारले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचे होते.

हे सगळं गोड गोड करून सांगायचा माझा विचार नाही. एका युरोपीय विद्यार्थ्यानं काशगरमधली हस्तलिखितं जमवून स्वीडनला नेली, यावर प्रश्न विचारलेच पाहिजेत. ती ज्या लोकांची, त्यांना ती बघायला लुंडकडे तोंड करावं लागतं. दुसऱ्या बाजूला, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शिनजियांगमध्ये जुने ग्रंथ मोठ्या प्रमाणात नष्ट झाले, हेही खरं. यातलं एक वाक्य दुसऱ्याला खोडत नाही. तुम्ही उद्या एखाद्या आदिवासी पाड्यावर औषधी वनस्पतींची माहिती घ्यायला जाल, तेव्हा ही दोन्ही वाक्यं तुमच्याबरोबर असू द्या. माहिती सांगणाऱ्याचं नाव, त्याची परवानगी आणि तुमच्या नोंदीची एक प्रत त्याच्यापर्यंत परत जाणं, हे आज आपल्या हातात आहे.

मग पीएचडीचं काय होतं?

त्या एमएस्सीच्या मुलीला मी आता काय सांगेन? चार गोष्टी.

पहिली, विषय आणि प्रश्न वेगळे करा. "काश्मीर" हा विषय. "पहिला भाग अमलात आला का, हे लवादाकडे द्याल का" हा प्रश्न. उत्तर "नाही" आलं तरी ते उत्तरच असतं.

दुसरी, फील्ड बंद झालं तर तुमचं श्रीनगर कुठलं ते शोधा. माझा पावसाळा वाया गेला तेव्हा मी हर्बेरियमच्या कपाटांत जाऊन बसले. तिथले शंभर वर्षांपूर्वीचे नमुने सड्यावरच्या ओल्या गवताची जागा घेऊ शकत नाहीत. पण फुलोऱ्याचा महिना त्यांच्या लेबलवर होता, आणि तेवढ्यावर माझं एक प्रकरण उभं राहिलं. नमुन्याला काय मर्यादा आहेत, ते मात्र लिहून टाका.

तिसरी, ज्यात शब्दाचे दोन अर्थ होतात ते लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. सहलेखकांशी पेपरवरच्या नावांचा क्रम ठरवतानासुद्धा!

चौथी, "फरक आढळला नाही" हे वाक्य तसंच लिहा. त्याच्या खाली तुम्ही काय केलं, किती नमुने घेतले, काय बघितलं आणि काय बघू शकला नाहीत, हे इतकं नीट लिहा की दहा वर्षांनी कुणी ते उघडलं तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये. यारिंग यांचे अहवाल आज वाचताना कोण काय म्हणालं आणि गाडं कुठे अडलं, हे पानापानांवर कळतं. वाद सुटला नसेल, पण नोंद शिल्लक आहे.

माझ्या अहवालातलं ते वाक्य मी शेवटी बदललं नाही. आरएसीच्या बैठकीत एका सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "म्हणजे निष्कर्ष काय?" मी म्हटलं, "सर, या तापमानाला, एवढ्या बियांवर, फरक आढळला नाही." ते म्हणाले, "मग पुढच्या वेळी तापमान बदलून बघा." एवढंच झालं. तीन दिवसांची माझी धास्ती फुकट गेली.

बिया नव्या तापमानाला ठेवल्यात. काय होतंय ते कळवेनच, काहीच झालं नाही तरी.